मामाचा श्वास

"नखाएवढा तुकडा, मामा. जास्त नाही."

"कुणाच्या नखाएवढा?" पोइंदी मामांनी विचारलं. "डॉक्टरच्या, की तुझ्या?"

मी करंगळी पुढे केली. त्यांनी ती दोन बोटांत धरून निरखली. शेताच्या कामाला न आलेलं नख, असा काहीतरी शेरा त्यांच्या ओठांवर आलेला मला दिसला, पण त्यांनी तो गिळला. आमच्या दोघांमध्ये चटईवर मी नेलेलं कापड होतं, तंबाखूचं पाकीट होतं आणि एक लांबलचक कोनफळ. मामांनी अजून कशालाच हात लावला नव्हता. लावला असता तर होकार झाला असता.

"छातीत काय शोधायचंय त्यांना?"

"दुखणं कुठलं ते ओळखायचंय. छातीत साठलेल्या पाण्यावरून ओळखू येईना. फुप्फुसाच्या बाहेर एक पातळ पडदा असतो, तो जाड झालाय. त्याचा तुकडा काढून पाहणार."

"ओळखलं की बरी होईल?"

वीस वर्षं मी न्यू कॅलेडोनियात, आमच्या किनाऱ्यावरच्या दवाखान्यात नर्स आहे. लोक हा प्रश्न विचारतात तेव्हा काय बोलायचं ते मला पाठ आहे. मामांपुढे ते पाठांतर काही उपयोगी पडलं नाही. मी म्हटलं, "ओळखल्याशिवाय काहीच करता येत नाही, मामा."

मग त्यांनी कापडावर तळहात ठेवला. "ने. नखाएवढाच घ्या म्हणावं. मी फुंकर घातली तेव्हा एर्मांस एवढीशी होती. काही कापून घेण्यासारखं तिच्यात होतं तरी का?"

एर्मांस म्हणजे माझी ताई. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी.

राजधानीत, नुमेआच्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर लाबोर्दना मी आधीच सांगून आले होते की दोन दिवस थांबा, मामांना विचारून येते. ते फ्रान्सहून नवीन आलेले होते. भला माणूस, पण घाईचा. म्हणाले, "पेशंट शुद्धीवर आहेत, त्यांची सही पुरेशी आहे."

"सही पुरेल," मी म्हटलं, "पण अंग तिचं एकटीचं नाही. नाव आणि जमीन आम्हाला बापाकडून मिळते. रक्त आणि श्वास मामाकडून. मूल जन्मलं की मामा येऊन त्याच्या कानात फुंकर घालतो, तेव्हा ते आमच्यात आलं असं धरतात. कुणाला साधं खरचटलं तरी मामाकडे कापड घेऊन जायचं, तुमचं रक्त सांडलं म्हणून माफी मागायची. आणि माणूस गेलं की परत जायचं, तुमचा श्वास परत घ्या म्हणायचं, आणि तो कशानं गेला तेही सांगायचं."

डॉक्टरांनी ऐकून घेतलं. "दोन दिवस," ते म्हणाले. "जास्त नको."

खरं तर घाई करायचा हक्क त्यांना होता आणि मला नव्हता. सहा महिने मी वाया घालवले होते. वर्षभरापूर्वी ताई चढावर थांबायला लागली. उजव्या कुशीत दुखतंय म्हणाली. एक्स-रे काढला, तर फुप्फुसाखाली पाणी. आमच्या भागात छातीत पाणी म्हणजे टीबी, हे मला शिकवलेलं होतं, आणि दहातल्या नऊ वेळा ते खरंही ठरतं. टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी लघवी नारिंगी होते. ताई म्हणाली, "ओदील, रविवारी चर्चच्या मागं गेले तर बायका वाकून बघतात." ती गोळ्या चुकवायची आणि मी तिच्या दारात उभी राहून खडसवायची. एकदा तर तिच्या नातीसमोर, सोलँजसमोर, तिला म्हटलं, तुला बरंच व्हायचं नाही. सहा महिन्यांनी पाणी पुन्हा भरलं, पहिल्यापेक्षा जास्त. जे दुखणं तिला नव्हतंच, त्याच्या गोळ्यांसाठी मी तिला आजारपणात बोलणी ऐकवली. हे माझ्याकडून कधीच पुसलं जाणार नाही.

नुमेआत सुईनं दीड लिटर पाणी काढलं. कडक चहाच्या रंगाचं. टीबीचे जंतू त्यात नाहीत. पेशी दिसतात त्या चमत्कारिक आहेत, पण नुसत्या चिडलेल्या की बिघडलेल्या, हे पाण्यात तरंगणाऱ्या पेशींवरून ठरवता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मग स्कॅन केला. त्यात पडदा जाड दिसला, जागोजागी गाठी. दुसरीकडचा कॅन्सर छातीत आलेला असू शकतो, म्हणून पोट, स्तन, सगळं तपासलं. कुठेच काही नाही. मग उरला तो नखाएवढा तुकडा.

त्याआधी डॉक्टरांनी ताईला शंभर प्रश्न विचारले. ती आमच्या भाषेत बोलायची आणि मी फ्रेंच करून सांगायची.

"खाणीत काम केलंय? निकेलच्या?"

"खाण मला कशाला घेईल? त्यांच्या गाडीत मावायची नाही मी." तेव्हा ती सत्तेचाळीस किलोची उरली होती.

"नवरा?"

"मासे धरायचा. बारा वर्षं झाली जाऊन."

"जहाजावर, गोदीत, कारखान्यात? घरात कुणी यंत्रांवर काम करणारं?"

"त्यांना सांग, मी कोनफळं लावली, पोरं वाढवली आणि घर पांढरं ठेवलं. यातलं काय लिहायचं ते लिहा."

मी फ्रेंचमध्ये सांगितलं: शेती आणि घरकाम. घर पांढरं ठेवल्याचं मी गाळलं. डॉक्टरांचा वेळ वाचवावा म्हणून.

ऑपरेशन नीट झालं. बरगड्यांमधून कॅमेऱ्याची नळी घालून त्यांनी आत पाहिलं आणि तुकडे घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई उशीला टेकून बसली होती. कुशीतून निघालेली नळी खाली बाटलीत सोडलेली, ती श्वास घेई तसे बाटलीत बुडबुडे येत. बुडबुडे मोजून तिला कंटाळा आला तेव्हा ती समोरच्या भिंतीकडे बघायला लागली.

"एवढं मोठं हॉस्पिटल," ती म्हणाली, "आणि भिंत बघ कशी. पिवळट. ओघळ आलेत. मला दोन दिवस द्या म्हणावं. डोळे दिपतील असं पोतारून देते."

"पडून राहा गप."

"गप कशाला? आपल्या खोऱ्यात लग्न असो, बारसं असो, भिंती कुणाला बोलावून पोतारायचे? तू इथं नन्सकडं बाराखड्या गिरवत होतीस तेव्हा मी चार चार घरं करायची. आत, बाहेर, छताखाली. डोळ्यांत जायचं, नाकात जायचं. शिंकले की पांढरं."

डॉक्टर लाबोर्द तेवढ्यात आत आले होते. ती हसतेय हे पाहून त्यांनाही बरं वाटलं असावं. त्यांनी विचारलं, "काय म्हणतायत?"

मी जरा ओशाळून सांगितलं, "काही नाही. तुमच्या भिंती तिला पसंत नाहीत. गावाकडे घरं पांढरी करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, ते सांगतेय."

"चुन्यानं?"

"चुना नाही. पांढरी माती असते. खणून आणायची, मळून गोळे करायचे, वाळवायचे. लागेल तसे पाण्यात कालवायचे."

त्यांचं पेन थांबलं. "कधीपासून करतायत त्या हे?"

"चालायला लागल्यापासून," मी तिला न विचारताच सांगितलं. "रोज सकाळी भिंतींचा भुगा पडतो, तो झाडते. दर वर्षी नवा हात देते."

"माती कुठून येते?"

हे मी ताईला विचारलं, उगाच. उत्तर मलाही माहीत होतं. ती दिमाखात म्हणाली, "मामाच्या डोंगरातली. सगळ्या खोऱ्यात तशी पांढरी माती नाही."

आई लग्न होऊन खालच्या गावी आली तेव्हापासून मामा दर वर्षी टोपली घेऊन उतरायचे. बहिणीचं घर काळं दिसलं तर भावाची लाज. आई गेल्यावर टोपली ताईकडे यायला लागली. डॉक्टर म्हणाले, "त्यातली थोडी मला आणून द्याल?"

मी परत मामांकडे गेले. एर्मांसच्या डॉक्टरला आपली माती हवीय म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. पंचाहत्तरी उलटलेला माणूस स्वतः कोठीत शिरला आणि गोळे निवडायला बसला. तडा गेलेला बाजूला, मळकट बाजूला. बारा गोळे केळीच्या पानात मांडून दिले. "थोडी कशाला? पुरेशी ने. आणि सांग, पाणी एकदम ओतायचं नाही, आधी चोळायचं. तुम्हाला नाही यायचं तर एर्मांस सांगेल."

सात तासांच्या बसमध्ये टोपली माझ्या मांडीवर होती. रस्ता खराब, गोळे एकमेकांवर घासत होते. नुमेआला उतरले तेव्हा माझा निळा झगा मांड्यांवर पांढरा झाला होता. तो मी हातानंच झटकला. डॉक्टरांच्या टेबलावर टोपली ठेवली, तर ते खुर्चीतून उठले. हातमोजे चढवले, तोंडाला मास्क बांधला, एक गोळा झाकणाच्या डबीत घातला आणि बाकीची टोपली प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधून टाकलं. मग माझ्या झग्याकडे बघत राहिले.

"घरी गेल्यावर हा धुऊ नका," ते म्हणाले. "टाकून द्या."

तेव्हा मला कळलं, त्यांना संशय मातीचाच होता.

त्यांनी मला खुर्ची दिली. सगळं ठरलेलं नाही असंही सांगितलं. ताईच्या छातीतल्या तुकड्यांवर इथं वेगवेगळे रंग चढवून पाहिले होते. दोन कॅन्सर सूक्ष्मदर्शकाखाली इतके सारखे दिसतात की रंगांशिवाय फरक कळत नाही, आणि रंगांनीही कधी कधी फसायला होतं. म्हणून तुकडे लावलेल्या काचा फ्रान्सला पाठवल्या होत्या. तिथं हेच बघणारी माणसं बसतात आणि एकमत झाल्याशिवाय नाव देत नाहीत. माती पण तपासायला जाईल, पण नुसत्या मातीवरून दुखणं ठरत नाही, ते तुकड्यावरूनच ठरतं. मी सगळ्याला मान हलवली. मला फक्त मामांची तडे न गेलेले गोळे निवडणारी बोटं दिसत होती.

पाच आठवडे लागले. ते आम्ही नुमेआतच चुलतभावाकडे काढले. ताई अंगणात बसायची आणि शेजारणीला कोनफळाला आधाराची काठी कशी लावायची ते शिकवायची. पाणी दोनदा भरलं, दोनदा काढलं. मी एवढी वर्षं लोकांना रिपोर्टची वाट बघायला सांगत आले. आठ दिवसांनी या, पंधरा दिवसांनी या. ते दिवस कसले असतात हे मला तेव्हा समजलं.

डॉक्टरांनी आम्हाला बोलावलं आणि दार लावून घेतलं. कागदावर एक शब्द लिहिला. मेसोथेलिओमा.

"एवढं लांब?" ताई म्हणाली. "माझ्या नावात मधलं नाव घातलं तरी एवढं होत नाही. काय आहे ते?"

ते मला सांगायचं होतं. आमच्या भाषेत त्याला शब्द नाही. मी म्हटलं, "फुप्फुसाच्या पडद्याचा कॅन्सर आहे, ताई." डॉक्टर बोलत राहिले, मी सांगत राहिले. मातीत ॲस्बेस्टॉस सापडला. न्यू कॅलेडोनियात त्याचा कारखाना कधीच नव्हता, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही. डोळ्यांना पीठ दिसतं, सूक्ष्मदर्शकाखाली सुया दिसतात. त्या सुया आत जातात आणि तीस-चाळीस वर्षं गप्प बसतात. औषध नाही. पाणी भरलं की काढता येईल, दुखलं की मॉर्फिन देता येईल. मग माझ्याकडे वळून ते फ्रेंचमध्ये म्हणाले, "तुमचाही एक एक्स-रे काढू या." ते मी ताईला सांगितलं नाही.

ताईनं कागदाची घडी घातली आणि झग्याच्या खिशात खोल दाबून बसवली. "सुया त्या टोपलीतल्या?" तिनं मला विचारलं.

"हो."

"आईलाही दम लागायचा शेवटी."

आईचं हृदय कमजोर आहे असं आम्ही सगळ्यांना सांगितलं होतं.

बाहेर बाकावर बसल्यावर ती म्हणाली, "मामाला सांगू नकोस."

"ताई, सांगायलाच लागेल. खोऱ्यात अजून आठ-दहा घरं पांढरी आहेत. पोरंबाळं आहेत. तुझी सोलँज आहे."

"सोलँजला तू ने. तुझं घर सिमेंटचं आहे. आणि मामाला शेवटी सांग. कशानं गेले ते तर सांगावंच लागतं, तेव्हा सांग." ती दम घ्यायला थांबली. "माझ्यासमोर नको. त्यानं मला श्वास दिलाय गं. त्याच्या तोंडावर कसं सांगायचं?"

मी हो म्हटलं. नर्स म्हणून ते चूक होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

गावी पोचलो तर ताईच्या दारात पोइंदी मामा उभे. कोपरापर्यंत हात पांढरे, भुवयांवर पांढरं. चार दिवस खाली येऊन राहिले होते. ताईची खोली त्यांनी एकट्यानं पोतारली होती. भिंती, छताखालचे वासे, खिडकीच्या आतल्या कडासुद्धा. इतकी पांढरी खोली मी आयुष्यात पाहिली नाही.

"ये," मामा म्हणाले. "तुला जमत नाही हल्ली, कुणी केलं नसेल. आजारी माणसानं काळ्या घरात येऊ नये."

मी दारातच अडले. ताईनं माझा दंड धरला होता तो सोडला आणि आत गेली. चारी भिंतींवरून नजर फिरवली. एका कोपऱ्याजवळ वाकून पाहिलं, कारागीर दुसऱ्याचं काम पाहतो तसं.

"इथं दोनदा हात दिलास?" तिनं विचारलं.

"तीनदा."

"दिसतंय," ताई म्हणाली. "माझ्यापेक्षा चांगलं झालंय, मामा."

मामा लाजले. ताईनं मला हाक मारली. "ओदील, माझं अंथरूण इथंच घाल. भिंतीला लावून. आणि सोलँजला आजपासून तुझ्याकडं झोपायला ने. माझ्या खोकल्यानं तिची झोप मोडते."

मी अंथरूण घातलं. काय करणार होते? ओल्या फडक्यानं जमीन पुसायची, खिडक्या उघड्या ठेवायच्या, एवढं करत राहिले. तिला आता त्यानं काही फरक पडणार नव्हता. मामांना पडला असता, पण पंचाहत्तर वर्षं त्याच मातीत काढलेल्या माणसाला मी कुठल्या तोंडानं सांगणार होते की तिथं बसू नका? ते रोज तिच्या उशाशी बसायचे, पांढऱ्या भिंतीला पाठ टेकून. दोघं जुनी भांडणं उकरून काढायची. कुणाचं कोनफळ मोठं आलं होतं, कुणाच्या लग्नात कुणी जास्त प्यालं. नंतर ताईचं बोलणं बंद झालं तेव्हा मामा एकटेच बोलायचे. मॉर्फिन मीच द्यायची. अडीच महिन्यांनी, कोनफळं काढायच्या दिवसांत, भर दुपारी ती गेली. मामांनी तिच्या कानाशी तोंड नेलं, जन्माच्या वेळी नेलं असेल तसं, पण फुंकर घातली नाही. नुसते थांबले.

आठ दिवसांनी आम्ही मामांच्या, वरच्या गावी गेलो. एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला मामा आणि त्यांची माणसं, मध्ये चटई. नुमेआहून आलेल्या चुलतभावानं कापड मांडलं, कोनफळं मांडली, आणि खाली बघत म्हणाला, "मामा, तुमचा श्वास तुम्हाला परत आणलाय. आम्हाला तो नीट जपता आला नाही. माफ करा." मग तो थांबला. "कशानं गेला ते ओदील सांगेल. ती होती डॉक्टरांपाशी."

मी सांगितलं. तुकड्याचं सांगितलं, फ्रान्सला गेलेल्या काचांचं सांगितलं, मातीतल्या सुयांचं सांगितलं. माती यापुढे खणू नका, घरं ओल्यानं पुसा, पोरांना बाहेर ठेवा, सरकारची माणसं येतील. सगळं एका दमात.

मामा म्हणाले, "ती टोपली. डॉक्टरला दिलेली."

"तीच त्यांनी तपासली, मामा."

"आणि मी खोली पोतारली तेव्हा एर्मांसला ठाऊक होतं?"

"होतं."

"तरी तिथंच झोपली?"

"हो."

"का?"

मला रडू आवरेना. "तुम्ही पोतारली होती म्हणून, मामा."

त्यांनी आपले तळहात उलटे केले आणि बघितले. धुऊन धुऊन स्वच्छ झालेले होते, फक्त नखांच्या कडांना पांढरं राहिलं होतं. मग त्यांनी पुढ्यातलं कापड उचललं. त्याची घडी विस्कटली होती ती पुन्हा घातली. गुडघ्यावर हात देऊन उठले, चटईला वळसा घालून आमच्या बाजूला आले, आणि कापड माझ्या पुढ्यात ठेवून, माफी मागायला आलेली माणसं बसतात तसे मान खाली घालून बसले.

मामाकडून कापड परत आलेलं आमच्यात कुणी पाहिलं नव्हतं. ते एका हातानं घ्यायचं की दोन्ही, घेताना काय म्हणायचं, चुलतभावालाही माहीत नव्हतं. ते आमच्या दोघांमध्ये तसंच पडून राहिलं.